पत्ररस आणि कषाय : विनय, चहा व महाडचे पाणी

विनयपिटकातील महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात केणिय जटिलाची कथा आली आहे. तथागत भिक्खुसंघासह अंगुत्तराप जनपदातील आपण या निगमात आले असता केणियाने त्यांच्यासाठी विपुल पेये सिद्ध करून आणली. त्या निमित्ताने भगवंतांनी आठ पेयांस अनुज्ञा दिली : अम्बपान, जम्बुपान, चोचपान, मोचपान, मधुपान, मुद्दिकापान, सालूकपान आणि फारुसकपान. आंबा, जांभूळ, केळी, द्राक्षे, फालसा अशी ही मज्झिमदेशातील नित्याची फळे आहेत. मात्र अनुज्ञा येथेच थांबत नाही. धान्यफळाचा रस सोडून सर्व फळांचे रस, मोहाच्या फुलाचा रस सोडून सर्व फुलांचे रस, उसाचा रस, आणि शिजवलेल्या पालेभाजीचा रस, म्हणजे डाकरस, सोडून सर्व पानांचे रस भिक्खूंस चालतील, असे पुढे म्हटले आहे. पानांच्या रसास मूळ शब्द ‘पत्तरस’ असा आहे. संस्कृतात तो पत्ररस होतो.

चहा हे एका झाडाचे पान आहे. तेव्हा चहा हा पत्तरस होय काय, आणि असल्यास भिक्खूने तो दुपारनंतर घ्यावा काय, असा प्रश्न वर्षावासाच्या दिवसांत विहारांतून हटकून विचारला जातो. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण त्याचा शोध घेऊ लागल्यावर आम्हांस एका बाजूस पालि अट्ठकथा व चीन-जपानचे विहार, आणि दुसऱ्या बाजूस महाडचा बाजार, असा लांबचा प्रवास करावा लागला. त्या प्रवासाचा हा वृत्तान्त आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बुद्धकालीन मगध-कोसलात चहा नव्हता. त्रिपिटकात चहाला शब्द नाही. बोधिधर्माने ध्यानात झोप येते म्हणून स्वतःच्या पापण्या कापून फेकल्या व त्यांतून चहाचे झुडूप उगवले, ही कथा पुष्कळ सांगितली जाते. ती फार उत्तरकालीन आख्यायिका आहे. तिला इतिहासाचे मोल नाही आणि बुद्धाच्या शिकवणुकीशी तर तिचा काडीचाही संबंध नाही. देहाला असा क्लेश देणे मध्यम मार्गात बसत नाही, एवढे भान तरी सांगणाऱ्याने ठेवावयास हवे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पत्तरस ही अनुज्ञा चहाला सरळ लागू करण्यात एक अडचण आहे. समन्तपासादिकेच्या मते ही पेये थंड पाण्यात कुस्करून किंवा उन्हात तापवून केलेली असावीत, अग्नीवर शिजवलेली चालत नाहीत. पहिल्या रीतीस आदिच्चपाक व दुसरीस अग्गिपाक अशी नावे आहेत. चहा तर उकळत्या पाण्यावाचून होत नाही. म्हणून आमच्या मते चहाचे स्थान पानवर्गात शोधू नये, ते भेसज्जवर्गात शोधावे. त्याच खन्धकात पण्णभेसज्ज, म्हणजे पानांची औषधे, सांगितली आहेत. त्यांत कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस व कापूस यांची पाने येतात. शिवाय कसावभेसज्ज, म्हणजे तुरट काढे, हाही निराळा वर्ग आहे. जे पान अन्न म्हणून खाल्ले जात नाही ते औषध म्हणून, कारण असेल तेव्हा, यावज्जीव जवळ ठेवता येते. चहाचे पान पोट भरण्यासाठी कोणी खात नाही, त्याचा गुण तुरट आहे आणि त्याचा काढा होतो. या तिन्ही गोष्टी पाहता तो भेसज्जात बसतो.

थेरवादी देशांतील आचारही साधारणपणे असाच आहे. श्रीलंकेत सायंकाळी भिक्खूंना जे पेय दिले जाते त्यास ‘गिलनपस’ म्हणतात. हा शब्द ‘गिलानपच्चय’ यावरून, म्हणजे आजाऱ्यासाठीच्या प्रत्ययावरून, आला आहे. त्यात कोरा चहा असतो, बहुधा आले घातलेला. दूध मात्र भोजनात मोडते, म्हणून दुपारनंतर दुधाचा चहा दिला जात नाही. आपल्याकडे उपासक प्रेमाने दाट दुधाचा चहा पुढे करतात आणि भन्ते संकोचाने नाकारतात, तेव्हा दोघांनाही अवघडल्यासारखे होते. कारण ठाऊक असले तर हा प्रसंग टळेल.

चहा औषध म्हणून घेण्याची साक्ष खुद्द भारतात राहून गेलेल्या एका भिक्खूने दिली आहे. इत्सिंग हा चिनी भिक्खू इ.स. ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला, नालंदेत अनेक वर्षे शिकला आणि ६९५ मध्ये स्वदेशी परतला. आपल्या प्रवासग्रंथातील औषधविषयक प्रकरणात त्याने जिनसेंग मुळीच्या काढ्याबरोबर चहाची प्रशंसा केली आहे. वीसहून अधिक वर्षे परदेशात काढताना हीच आपली औषधे होती आणि आपणांस मोठे आजारपण फारसे आले नाही, असे तो सांगतो. म्हणजे नालंदेच्या आवारात सातव्या शतकात एक भिक्खू चहाचा काढा घेत होता असे मानण्यास जागा आहे. पण तो त्याच्या गाठोड्यातला चहा होता, या भूमीतला नव्हे.

चीनमध्ये मात्र विहार आणि चहा यांची सांगड पक्की बसली. तांग काळातील फंग येन याच्या टिपणग्रंथात एक नोंद आहे. काययुआन कालखंडात, म्हणजे इ.स. ७१३ ते ७४१ या काळात, ताइ पर्वताजवळील लिंगयेन विहारातील ध्यानाचार्य शिष्यांना झोप व रात्रीचे भोजन वर्ज्य करण्यास सांगत, पण चहा पिण्यास मुभा देत. तेथून चहा पिण्याची सवय लोकांत पसरली, असे तो लिहितो. चहावरचा पहिला मोठा ग्रंथ आठव्या शतकात लू यू याने लिहिला, आणि हा लू यू बालपणी एका बौद्ध विहारात वाढलेला होता. जपानमध्ये एइसाइ हा भिक्खू ११९१ साली चीनहून परतला, त्याने चहाची लागवड रुजवली आणि १२११ साली चहाच्या आरोग्यगुणांवर पुस्तक लिहिले. १२१४ साली शोगुन सानेतोमो मद्यपानानंतरच्या त्रासाने बेजार असता एइसाइने त्यास चहाचा पेला व हे पुस्तक दिले, अशी नोंद तेथील बखरीत आहे. सुरामेरयापासून विरतीचा पाचवा शील पाळणाऱ्या समाजाला ही नोंद वाचून हसू येईल, पण ती अर्थपूर्ण आहे. पूर्व आशियात चहा हे मद्याला दिलेले विहाराचे उत्तर होते.

भारतात चहा विहाराच्या वाटेने आला नाही. येथे तो व्यापाऱ्यांच्या वाटेने आला, आणि आरंभी येथेही औषध म्हणूनच. १६३८ साली सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्सलो पोट साफ ठेवणारे द्रव्य म्हणून चहाचा उल्लेख करतो. १६८९ मध्ये सुरतेत असलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन लिहितो की तेथील वाणी चहात गरम मसाले व खडीसाखर घालून तो डोकेदुखी वगैरे विकारांवर घेतात. मसाल्याचा चहा ही अगदी अलीकडची कल्पना आहे, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपला ‘चहा’ हा शब्द मुळात चिनी ‘चा’ होय. पोर्तुगीजही तोच शब्द वापरीत.

पुढचा इतिहास कडू आहे. आसामात चहाचे झाड रानात उगवते आणि सिंगफो लोक त्याचा उपयोग करतात, हे रॉबर्ट ब्रूस याच्या १८२३ मध्ये ध्यानात आले. १० जानेवारी १८३९ रोजी आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. त्यानंतर मळ्यांवर छोटा नागपूर व इतर भागांतून आदिवासी व भूमिहीन मजूर करारावर नेले गेले. १८५९ च्या कायद्याने करार मोडणाऱ्या मजुरास शिक्षा करता येत असे. १९२१ साली चारगोला खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून गावाकडे निघाले, तेव्हा त्यांच्यावर चांदपूर येथे गुरख्यांकडून हल्ला झाला. मळेकामगारांसाठीचा स्वतंत्र कायदा १९५१ पर्यंत यावयाचा होता. ज्या पानाचा रस आपण सकाळी घेतो ते खुडणारे हात बहुतांशी आपल्यासारख्याच समाजांतील स्त्रियांचे आहेत.

आता आपण आपल्या भूमीकडे येऊ. महाड हे सावित्रीच्या खाडीवरील जुने व्यापारी गाव. जवळच गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखात कुमार काणभोअ व्हेणुपालित याच्या दानाची नोंद आहे. लेणे, चेतियघर, आठ ओवरक म्हणजे खोल्या, आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन ‘पोढी’. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. लेखात पोढी मोजून सांगितल्या आहेत हे विशेष. भिक्खूंच्या निवासाबरोबर पाण्याचेही दान करावयाचे, आणि ते दगडात कोरून ठेवावयाचे, ही त्या काळची रीत होती. त्याच महाडात काही शतकांनी पाणी विकत घ्यावे लागले. १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी आयोजकांना सुमारे ४० रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून घ्यावे लागले होते. महाड नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केलेला होता. ठराव कागदावर होता, तळ्यावर नव्हता. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी त्या तळ्याचे पाणी घेतले. पुढे त्या पाण्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून त्याची ‘शुद्धी’ झाली. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. हे सर्व आपल्या वाचकांस मुखोद्गत आहे, म्हणून विस्तार करीत नाही.

कमी ठाऊक असलेली गोष्ट चहाची आहे. कॉ. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ मध्ये महाड तालुक्यातील लाडवलीचा. महाडच्या परिषदेमागील प्रमुख संघटकांत त्यांची गणना होते. आसपासच्या गावांतून महाडच्या बाजारात येणाऱ्या अस्पृश्यांना दिवसभर घोटभर पाणी मिळण्याची सोय नव्हती. ही अडचण ओळखून महाडात अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान निघाले, आणि त्यामागे तरुण मोऱ्यांचा पुढाकार होता. चहाचे दुकान म्हणजे बसण्याची जागा. बसण्याची जागा म्हणजे बोलण्याची जागा. तेथे माणसे भेटू लागली, अर्ज लिहिले जाऊ लागले, गाऱ्हाणी एकत्र होऊ लागली. आणि दुकानाला पाणी कोठून आणावयाचे हा प्रश्न तेथेही उभा राहिलाच. चवदार तळ्याच्या लढ्याची पार्श्वभूमी सांगताना नगरपालिकेचा ठराव सांगितला जातो, सैन्यातून परतलेल्या पेन्शनरांची जागृती सांगितली जाते, १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर नेमले गेलेले गोपाळबाबा वलंगकर सांगितले जातात. ते सर्व खरे आहे. या चहाच्या दुकानासही त्या पंक्तीत स्थान द्यावे, असे आम्हांस वाटते.

चहा प्यावयाचा तर पाण्याबरोबर भांडेही आले. खेड्यांतील हॉटेलांत अस्पृश्यांसाठी वेगळी कपबशी, बहुधा कान तुटलेली, बाहेर खोपट्यात किंवा भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेली असे. गिऱ्हाइकाने ती स्वतः विसळून घ्यावयाची, चहा वरून ओतला जावयाचा, आणि पिऊन झाल्यावर पुन्हा विसळून जागेवर ठेवावयाची. दलित आत्मकथनांतून हा अनुभव वारंवार येतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांबरोबर विहिरी, तळी यांचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे. महाडचा अनुभव ज्यांना आहे त्यांना या सहचाराचे नवल वाटणार नाही. १ जून १९५५ पासून अमलात आलेल्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने तर उपाहारगृहात ठेवलेल्या भांड्यांच्या वापरास मज्जाव करणे हाही गुन्हा ठरविला. १९७६ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. एका साध्या कपासाठी संसदेला कायदा करावा लागला.

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये येथे झाला. १९५०-५१ मध्ये ते व बाबासाहेब एकाच मंत्रिमंडळात होते. नाते परिसरातील एका बौद्धवाडीत वर्षावासाच्या प्रवचनमालेसाठी आमचे जाणे झाले, तेव्हा चहाच्या रसाचा थोडा प्रत्यक्ष अभ्यास करण्याची संधी मिळाली. आमच्या पिशवीत दार्जिलिंगच्या सुट्या पानाची एक पुडी व चहाच्या पिशव्यांचे एक खोके होते. यजमानीणबाईंकडे महाडच्या बाजारातून आणलेली सुटी भुकटी होती.

रसांची नावे आम्ही धम्मसंगणीतून घेतली. अभिधम्माच्या या ग्रंथात रसायतनाचे विवरण करताना मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ यांचे रस वेगळे सांगितले आहेत, आणि पुढे अम्बिल, मधुर, तित्तक, कटुक, लोणिक, खारिक, लम्बिल, कसाव अशा चवी दिल्या आहेत. पत्तरस तेथेही आहे. चहा चाखणाऱ्याला याहून चांगली शब्दसूची मिळणे कठीण. चहात मुख्य चव कसावाची, म्हणजे तुरटपणाची. जिभेवर कोरडी पकड बसते ती हीच. तित्तक म्हणजे कडू, तो निराळा. पुष्कळ जण या दोहोंची गल्लत करतात.

पाणी एकाच हंड्यातले घेतले. चहाच्या चवीत पाण्याचा वाटा मोठा असतो. जड पाण्यात रंग काळपट येतो व वर साय धरल्यासारखा पातळ तवंग येतो. पावसाळ्यातील कोकणच्या पाण्याने तो त्रास दिला नाही. आधण नीट येऊ दिले. चहा पारखणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० मध्ये जी पद्धत ठरवली तीत १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम पान व सहा मिनिटे असे प्रमाण आहे. ते दोष उघडे पाडण्यासाठी आहे, पिण्यासाठी नव्हे. आम्ही पान कमी घेतले आणि झाकण ठेवून चार मिनिटे मुरू दिले. सुटे पान पाण्यात सावकाश उलगडते. रंग फिका तांबूस, वास फुलासारखा, चव आधी मधुर व मागून हलका कसाव. बाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “सर, वास छान हाय, पन चहा कुठं हाय?” एवढ्या थोडक्या शब्दांत पारख करणारा व्यावसायिक पारखीही विरळा.

पिशवीचा चहा दोन मिनिटांत लाल झाला. पिशवीत बारीक चुरा भरलेला असतो. चुऱ्याचे पाण्याशी स्पर्शक्षेत्र मोठे, म्हणून रंग व कसाव झपाट्याने उतरतात, पण वासाचे नाजूक भाग तितके राहत नाहीत. पिशवी चमच्याने पिळली तर कसाव आणखी वाढतो, म्हणून ती पिळू नये. या पिशवीचा शोध न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याच्या रेशमी नमुना-पिशव्यांतून १९०८ साली अपघाताने लागला, असे सर्वत्र छापले जाते. मिलवॉकी येथील रॉबर्टा लॉसन व मेरी मॅकलॅरन या दोन स्त्रियांनी १९०१ सालीच अशा पिशवीच्या एकस्वाचा अर्ज केला होता व १९०३ मध्ये त्यांना ते मिळाले. एका पेल्यापुरताच चहा व्हावा, किटलीभर वाया जाऊ नये, हा त्यांचा हेतू होता. आमच्या यजमानीणबाईंना नेमके तेच खटकले. “ही पुरचुंडी एकट्याची झाली. दहा मानसं आली तर दहा लोंबत्यात.”

मग बाईंनी आपल्या रीतीने चहा केला. टोपात पाणी, गूळ, गवती चहाची पात व आल्याचा ठेचा घालून उकळी आणली, भुकटी टाकली, दोन उकळ्या येताच उतरवून झाकले आणि गाळले. दुपार टळलेली असल्याने भन्तेंसाठी तो कोराच ठेवला. इतरांसाठी निराळे तापवलेले दूध वरून घातले, कारण गुळाबरोबर दूध उकळले तर ते फाटते. ही भुकटी सीटीसी पद्धतीची. पान चिरडून, फाडून, गोळी वळवणारे हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामातील आमगुरी मळ्यावर मॅकर्चर यांनी सिद्ध केले. आज भारतातील बहुतेक चहा असाच होतो. त्याचा कसाव दुधाला पुरून उरतो. दुधातील प्रथिने कसावाला बांधून घेतात, म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो. याच कारणाने दार्जिलिंगच्या पानात दूध घालणे म्हणजे ते पान वाया घालवणे होय.

या चहात गूळ, आले, गवती चहा, दूध हे सर्व एकजीव झालेले होते. मिलिन्दपञ्हात नागसेनांनी राजाला दिलेली उपमा आठवली. राजाचा आचारी कालवण करताना त्यात दही, मीठ, आले, जिरे, मिरी घालतो. त्यातून एकेक रस वेगळा काढून दाखवता येत नाही, तरी प्रत्येक रस आपापल्या लक्षणाने तेथे असतोच. त्या यादीतील आल्यास पालि शब्द ‘सिङ्गिवेर’ आहे, आणि हाच शब्द ग्रीकांच्या द्वारा युरोपात जाऊन आल्याची तिकडील नावे झाला. संयुत्तनिकायातील सूदसुत्तात चतुर आचारी धन्याला कोणता रस आवडला, कोणत्या पदार्थाकडे त्याने हात पुढे केला, कशाची स्तुती केली हे टिपून ठेवतो. सतिपट्ठानाच्या अभ्यासासाठी ही उपमा योजली आहे. बाईंना कोणी सूदसुत्त शिकवले नव्हते, पण कोणाला गूळ कमी, कोणाला कोरा, हे त्या न विचारता देत होत्या.

त्या टोपातून भन्तेंस, प्रवचनाला आलेल्या शेजारच्या कुणबीवाडीतील दोघांस आणि आम्हांस एकसारख्या पेल्यांतून चहा मिळाला. पेले सर्व मंडळींचे मिळून नंतर एकाच घमेल्यात विसळले गेले. वाडीतील एका वृद्ध उपासकाने ते घमेले बराच वेळ न्याहाळले, बोलले मात्र काही नाही.

विहारांतील वर्षावासासाठी प्रमाण विचारले गेले, ते येथे देतो. पन्नास जणांच्या कोऱ्या चहास सुमारे सात लिटर पाणी व सीटीसी भुकटी ६० ते ७० ग्रॅम पुरते. दुधाचा करावयाचा असल्यास भुकटी थोडी अधिक व पाणी कमी घ्यावे. आले व गवती चहा भुकटीच्या आधी घालून पाच मिनिटे उकळावे, कारण त्यांचा रस सावकाश उतरतो. भुकटी घातल्यावर तीन मिनिटांत चहा दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावा. चोथ्यावर तसाच राहिला तर कसाव वाढत जाऊन तो तित्तक होतो, आणि प्रवचन लांबले तर हे हमखास घडते.